काठावर पास होणाऱ्या पोरानं कॉलेजच्या पेपरात अणुबॉम्बचा आराखडा काढला, तरी जग बुडालं नाही. कारण…

१९७६ साल. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत जॉन अॅरिस्टॉटल फिलिप्स नावाचा एक पोरगा फिजिक्स शिकत होता. मॅचच्या वेळी वाघाचा वेश घालून मैदानात नाचणारा, ही त्याची कॅम्पसवरची ओळख. अभ्यासात मात्र बोंब. मार्क असे, की आणखी एक विषय गेला असता तर गाशा गुंडाळून घरी जावं लागलं असतं.

याच काळात त्यानं शस्त्रनियंत्रणावरचा एक कोर्स घेतला. शिकवायला हॅल फाइव्हसन आणि फ्रीमन डायसन यांच्यासारखी मंडळी होती. डायसन म्हणजे विसाव्या शतकातल्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांपैकी एक. वर्गात एकदा चर्चा निघाली टेड टेलर यांची. टेलर स्वतः अमेरिकेसाठी अणुबॉम्ब डिझाईन करायचे. नंतर तेच सांगत सुटले की प्लुटोनियम चोरीला गेलं, तर एखादी छोटी टोळीसुद्धा बॉम्ब बनवू शकेल. जॉन मॅकफी या पत्रकारानं त्यांच्यावर पुस्तक लिहिलं होतं आणि ते गाजलंही होतं.

वर्गातल्या काहींना हे पटेना. बॉम्ब बनवायला नोबेलवाले शास्त्रज्ञ लागले होते, चार अतिरेकी काय बनवणार?

फिलिप्सच्या डोक्यात आलं, माझ्यासारख्या काठावरच्या विद्यार्थ्याला जमलं, तर कुणालाही जमेल. त्यानं तोच विषय आपल्या पेपरसाठी घेतला आणि डायसन यांना मार्गदर्शक व्हायची विनंती केली. डायसन तयार झाले, पण एका अटीवर. गोपनीय असं काहीही ते सांगणार नव्हते.

मग पोरानं काय केलं, तर लायब्ररी गाठली. फिजिक्सची पाठ्यपुस्तकं चाळली. सरकारनं गोपनीयतेतून मुक्त केलेले जुने कागद मागवले. हे कागद पैसे भरले की कुणालाही मिळायचे. पुढचे काही आठवडे झोप, जेवण सगळं सोडून तो गणितं करत बसला. शेवटी ३० हून अधिक पानांचा पेपर तयार झाला आणि त्याला ‘ए’ ग्रेड मिळाली.

बातमी पेपरात आली आणि त्याचं नाव पडलं ‘ए-बॉम्ब किड’. १९७७ मध्ये एका पाकिस्तानी अधिकाऱ्यानं त्याच्याशी संपर्क साधून आराखडा मागितला. भारतानं पोखरणमध्ये पहिली चाचणी केली त्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती, म्हणजे पाकिस्तानला घाई कशाची होती हे सांगायला नको. प्रकरण सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांच्यापर्यंत गेलं, एफबीआय आणि सीआयएनं लक्ष घातलं. फिलिप्सचा तो बॉम्ब खरंच फुटला असता का, हे अर्थातच कुणी करून बघितलेलं नाही.

गंमत म्हणजे अमेरिकन सरकारला या प्रश्नाचं उत्तर आधीच ठाऊक होतं. १९६४ ते १९६७ या काळात लिव्हरमोर प्रयोगशाळेनं एक गुप्त प्रयोग केला होता. नुकतीच पीएचडी झालेले, शस्त्रांचा काडीचा अनुभव नसलेले तरुण शास्त्रज्ञ बसवले आणि त्यांना सांगितलं, फक्त बाहेर उपलब्ध असलेलं वाचून बॉम्बचा आराखडा करा. तीन वर्षांच्या आत त्यांनी तो केला, आणि तो पटण्याजोगा होता.

म्हणजे आराखडा हे कुलूप नव्हतंच. मग गेल्या ८० वर्षांत गल्लीबोळात बॉम्ब का तयार झाले नाहीत?

उत्तर सामानात आहे. बॉम्बला लागतं प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियम. प्लुटोनियम निसर्गात जवळपास नाहीच, ते अणुभट्टीत तयार करून रासायनिक प्रक्रियेनं वेगळं काढावं लागतं. युरेनियम जमिनीत सापडतं, पण त्यातला कामाचा भाग एक टक्कासुद्धा नसतो. तो वाढवायला अवाढव्य कारखाने लागतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं मॅनहॅटन प्रकल्पावर सुमारे २ अब्ज डॉलर खर्च केले. ‘ओपनहायमर’ सिनेमा बघून वाटतं की सगळा खेळ लॉस अलामॉसच्या फळ्यावर झाला. प्रत्यक्षात पैशाचा मोठा हिस्सा ओक रिज आणि हॅनफर्ड इथल्या कारखान्यांनी खाल्ला. तिथं बनत होतं ते हे सामान.

म्हणूनच अण्वस्त्र नियंत्रणाचं रोजचं काम हिशेबनिसाच्या कामासारखं आहे. व्हिएन्नातली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, म्हणजे आयएईए, किलोकिलोचा हिशेब ठेवते. ८ किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियममधलं २५ किलो युरेनियम-२३५ गायब झालं, तर त्यातून एक बॉम्ब बनण्याची शक्यता धरायची, असा तिचा ठोकताळा आहे. निरीक्षक अणुभट्टीत जातात, सील तपासतात, कॅमेऱ्यांचं चित्रण बघतात, वहीतले आकडे आणि प्रत्यक्ष माल जुळतो का ते पाहतात. काम कंटाळवाणं आहे, पण इराणपासून उत्तर कोरियापर्यंतची भांडणं याच वहीवरून झाली आहेत.

या हिशेबाच्या दोन्ही बाजू महाराष्ट्रात बघायला मिळतात. मुंबईत ट्रॉम्बेला सायरस नावाची अणुभट्टी होती, १९६० मध्ये सुरू झालेली. अणुभट्टी कॅनडानं दिली, जड पाणी अमेरिकेनं. वापर शांततेसाठी करायचा एवढं ठरलं होतं, पण आयएईएचे निरीक्षक तिथं नव्हते. १९७४ च्या पोखरण चाचणीसाठीचं प्लुटोनियम याच सायरसमधून आलं. भारतानं त्याला शांततामय अणुस्फोट म्हटलं. कॅनडानं मात्र सहकार्य तोडलं आणि निर्यातीवर लक्ष ठेवायला देशांनी एक गट केला. तोच आजचा अणुपुरवठादार गट, एनएसजी. भारताला ज्याचं सदस्यत्व हवंय, तो गट जन्मालाच आला भारतामुळे!

दुसरीकडे पालघर जिल्ह्यातलं तारापूर. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या मदतीनं उभ्या राहिल्या आणि त्या कित्येक दशकांपासून आयएईएच्या देखरेखीखाली आहेत. एकाच राज्यात, एकाच किनाऱ्यावर, एका ठिकाणचा हिशेब व्हिएन्नाला जातो, दुसऱ्या ठिकाणचा जात नाही. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर भारतानं सहीच केलेली नाही, कारण १९६७ पूर्वी चाचणी केलेल्या पाच देशांना एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा, हे भारताला मान्य नाही. हा आक्षेप बिनबुडाचा आहे असं म्हणता येणार नाही.

आज शस्त्रनियंत्रणावर प्रोजेक्ट किंवा थीसिस करणाऱ्या विद्यार्थ्याला फिलिप्ससारखं बॉम्बच्या आराखड्यामागे लागण्याची गरजच नाही. तो प्रश्न सुटलेला आहे, शिवाय त्यात पोलीस दारात यायची सोय आहे. काम पडलंय ते दुसऱ्या बाजूला: कुणाकडे किती साठा आहे आणि तो लपवता येतो का? यासाठी सिप्री या स्वीडिश संस्थेचे आकडे, आयएईएचे अहवाल, संसदेतले प्रश्नोत्तर, अणुऊर्जा विभागाचं बजेट हे सगळं घरबसल्या मिळतं. उपग्रहाचे फोटोसुद्धा. २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात, युमेनजवळच्या वाळवंटात, क्षेपणास्त्रं ठेवण्यासाठीचे शंभराहून जास्त खड्डे बांधले जात असल्याचं जगाला कळलं. ते जाहीर केलं अमेरिकेतल्या मिडलबरी या शिक्षणसंस्थेतल्या संशोधकांनी, आणि तेही बाजारात विकत मिळणाऱ्या उपग्रहचित्रांवरून.

फिलिप्स पुढे या क्षेत्रात राहिला नाही. दोनदा अमेरिकन संसदेची निवडणूक हरला आणि भावासोबत राजकीय पक्षांना मतदारांची माहिती पुरवणारी कंपनी काढून बसला. त्याचे शिक्षक फाइव्हसन मात्र प्रिन्स्टनमध्येच राहून सामान मोजण्याच्या मागे लागले. त्या गटात पुढे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा आणि पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ झिया मियां यांनी एकत्र बसून दोन्ही देशांच्या साठ्यांचा अंदाज बांधला. बॉम्बसाठीच्या सामानाचं उत्पादनच थांबवणारा करार करावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांत १९९३ मध्ये झाला होता. जिनिव्हात त्यावरची खरी बोलणी अजून सुरू व्हायची आहेत.