खेळाडूंचा लिलाव आणि भुसार व्यापाऱ्याची नजर

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी कर, वजनमापे, बाजार समित्या आदी विषयांवर जाणत्या सभासदांचे लेख येत असतात. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपलीकडे न गेलेला, बेळगावच्या पेढीवर बसून भुसार मालाचा घाऊक व्यापार करणारा. त्याने कबड्डीसारख्या विषयावर लेखणी उचलावी याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु त्यास कारण घडले. आमच्या गोदामातील एका जुन्या हमालाचा एकोणीस वर्षांचा मुलगा चढाईत तरबेज आहे. कॉलेज सोडून दोन वर्षे केवळ सराव करावा की कसे, हे विचारावयास बापलेक दोघे दिवाळीच्या पाडव्यास पेढीवर आले. खर्चाची रक्कम मोठी नव्हती. प्रश्न मुलाच्या दोन वर्षांचा होता. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि नातवाच्या मदतीने या खेळाच्या बाजाराचा हिशेब पाहिला.

खेळाडू पोसणे आमच्या भागास नवे नाही. कोल्हापुरास राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान १९१२ साली उभे केले. तेथे पारख होती, बोली नव्हती. प्रो कबड्डीची स्पर्धा २०१४ साली सुरू झाली आणि पारखीस भाव फुटला. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. चारच वर्षांनी, २०१८ साली, मोनू गोयत यास हरियाणाच्या संघाने १ कोटी ५१ लाखांस घेतले. त्या वर्षी तो संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही.

आता आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. सिद्धार्थ देसाई हा चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होते, आणि अद्यापही तेथील कित्येक घरांचा बाजार बेळगावातच होतो. या मुलास २०१८ साली मुंबईच्या संघाने ३६ लाख ४० हजारांस घेतले. पहिल्याच हंगामात त्याने दोनशेंहून अधिक गुण मिळविले. पुढल्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्याने पुन्हा दोनशेंचा पल्ला ओलांडला, तरी संघ बाद फेरीस मुकला. २०२१ साली त्याच संघाने १ कोटी ३० लाखांस त्यास राखले; मोजके सामने झाले आणि खांदा दुखावला. २०२२ साली भाव २० लाखांवर आला. २०२३ साली हरियाणाने पुन्हा एक कोटी दिले, आणि त्या हंगामात तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. पाच वर्षांत एकाच मनुष्याचा भाव असा वरखाली झाला. तुरीचा भावसुद्धा इतका उसळत नाही!

सन १९९४ मध्ये मी हरभऱ्याचा एक मोठा सौदा केवळ वरच्या चार पोत्यांचा नमुना पाहून केला होता. दलाल ओळखीचा, दाणा टपोरा, रंग उत्तम. माल गोदामात उतरल्यावर खालच्या पोत्यांत ओल निघाली. त्या साली घरातील एक लग्न पुढे ढकलावे लागले. तेव्हापासून मी दोन गोष्टी वेगळ्या मोजतो. एक, माल चांगला निघाला तर काय मिळेल. दुसरी, वाईट निघाला तर पेढी उघडी राहील काय. पहिलीचा मोह सर्वांनाच असतो. दुसरीचा हिशेब मात्र बोली लावण्यापूर्वी करावा लागतो, कारण नंतर तो आपोआपच होतो.

लिलावात हीच कसोटी लागते. २०२२ साली प्रत्येक संघास खर्चावयास ४ कोटी ४० लाखांची मर्यादा होती. त्यातून तमिळ संघाने पवन सेहरावत याच्यावर २ कोटी २६ लाख लावले, म्हणजे निम्म्याहून अधिक भांडवल एकाच नगावर. पवनचे नाणे खोटे नव्हते. २०१८–१९ च्या हंगामात त्याने बेंगळुरूस विजेतेपद मिळवून दिले होते, आणि अंतिम सामन्यात एकट्याने २२ गुण केले होते. त्यापूर्वी गुजरातच्या संघात त्यास फारसे कोणी विचारीतही नव्हते. परंतु तमिळ संघाकडून पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. मौज अशी की, संघ तरीही उपांत्य फेरीत गेला. नरेंदर नावाच्या नवख्या मुलाने चढायांत २४३ गुण मिळविले. असे नवखे तरुण लिलावाबाहेर ठराविक मानधनावर घेतले जातात. पुण्याच्या संघाने अहमदनगर जिल्ह्यातील अस्लम इनामदारास असेच घेतले, आणि त्याच्याच नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ रोजी हरियाणास २८–२५ असे हरवून विजेतेपद पटकाविले. ज्याचा भाव अजून बाजाराने ठरविलेला नाही त्या मालात पडण्यास जागा थोडी आणि चढण्यास पुष्कळ असते. मात्र त्यासाठी शेतावर जाऊन उभे पीक पाहावे लागते. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी सभासद हे माझ्याहून अधिक जाणतात.

अमेरिकेत बास्केटबॉलच्या तरुण खेळाडूंचा लिलाव नसतो. संघ पाळीपाळीने निवड करतात, आणि दुबळ्या संघांस आधी संधी देण्याचा रिवाज आहे. १९८४ साली पोर्टलंडच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी हा उंच खेळाडू घेतला, व तिसऱ्या क्रमांकावर शिकागोस मायकेल जॉर्डन मिळाला. पोर्टलंडला लोक आजही हसतात. मला हसू येत नाही. जॉर्डनच्या जागेचा उत्तम खेळाडू त्यांच्याकडे आधीच होता, उंच मनुष्य नव्हता. दुकानात नसलेला माल त्यांनी भरला. चूक झाली ती अन्यत्र. बोवीचा पाय कॉलेजातच मोडलेला होता, हे सर्वांस ठाऊक होते. ओल दिसत असून सौदा केला.

आठ दिवस हे वाचल्यावर मला जे खटकले ते असे. हे सर्व गणित घेणाऱ्याचे आहे. संघाजवळ अठरा-वीस खेळाडू असतात. दोन निकामी झाले तरी उरलेले पेढी चालवितात. मुलाजवळ खांदे दोन आणि गुडघे दोन, तेही एकाच देहाचे. त्याचा सौदा सगळाच्या सगळा एकाच पोत्याचा. मालकाने धाडस करावे, ते त्यास परवडते; तोच सल्ला मुलास देणे हा न्याय नव्हे. आपल्यात द्यूत हे सप्तव्यसनांत पहिले मोजतात, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी या विषयास हातच लावू नये असे सुचविले. मला ते पटले नाही. पारख करून, झेपेल तेवढे घालणे हा व्यापार; परंतु दुसऱ्याचे सर्वस्व डावावर लावावयास सांगणे मात्र जुगाराहून बरे नव्हे.

म्हणून बापलेकांस बोलावून सांगितले की, कॉलेज सोडू नये. पहाटेचा सराव, खुराक आणि गुडघ्याची डॉक्टरी तपासणी यांचा दोन वर्षांचा खर्च मी देईन, ते कर्ज समजू नये. मुलाचा चेहरा पडला. त्यास पुण्याकडे जावयाचे होते. बापाने काही न बोलता मान हलविली. माझा निर्णय अतिसावध ठरला असेल, हेही शक्य आहे; पवनला वा सिद्धार्थला कोणी असाच सल्ला दिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न नातवाने मला त्याच रात्री विचारला, आणि मजपाशी त्याचे उत्तर नव्हते.

आपल्या संघाने सीमाभागातील होतकरू खेळाडूंसाठी, जातपात न पाहता, लहानसा वार्षिक निधी ठेवावा असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. एकावर मोठी रक्कम न घालता दहा मुलांचा खुराक आणि विमा त्यातून व्हावा. सभासदांनी विरोध करावयाचा असल्यास अवश्य करावा, पण हिशेब मांडून करावा.

तो मुलगा सध्या पहाटे पाचला मैदानावर असतो आणि दहाला कॉलेजात. पूर्वी सुट्टीच्या दिवशी बापाच्या मदतीस गोदामात येई. आता बाप त्यास पोते उचलू देत नाही. त्या दिवशी आम्ही एक हमाल रोजावर घेतो.