फळातील पाणी आणि पिठाचा चुरा

उन्हाळा सरता सरता, मे-जूनच्या सुमारास, म्हैसूरच्या फळबाजारात आंब्यांच्या राशींशेजारी लहान, गोल, तांबड्या-जांभळ्या फळांच्या टोपल्या दिसू लागतात. ही आलुबुखाराची ताजी फळे होत. वाळविलेला आलुबुखार पुष्कळांच्या परिचयाचा असतो. ताजे फळ मात्र थोड्यांनीच चाखलेले असते. ही फळे म्हैसूरच्या मातीतली नव्हेत. निलगिरीच्या डोंगरावरील उदकमंडल-कुन्नूरच्या बागांतून घाट उतरून ती येथे येतात. त्यांचा हंगाम थोडा आणि आयुष्य त्याहून थोडे. टोपलीच्या तळाची फळे वाटेतच दबतात, आणि जी सकाळी टणक होती ती दोन-तीन दिवसांत मऊ पडून पाझरू लागतात. बागवानाचे वर्षभराचे श्रम असे चार दिवसांत वाया जावेत, ही साधी गोष्ट नव्हे.

अशा दबलेल्या, परंतु न सडलेल्या फळांचा उत्तम उपयोग करणारे एक पक्वान्न इंग्लंडात प्रचलित आहे. त्याचे नाव ‘क्रंबल’, म्हणजे चुरा. खाली फळांच्या फोडी, वर पीठ, लोणी व साखर यांचा रवाळ चुरा, आणि दोन्ही एकत्र भाजून काढावयाचे, एवढीच त्याची कृती. कृती सोपी असली तरी यश नेहमी येत नाही. कधी वरचा थर गिच्च होतो, तर कधी खाली नुसता रस साचतो. असे का होते, याचे उत्तर एका शब्दात द्यावयाचे तर ते ‘पाणी’ असे आहे. फळातील पाणी फळातच राखावे आणि पिठाला ते शक्य तितके लागू देऊ नये, हे या पक्वान्नाचे सारे शास्त्र होय.

फळाची घडण

आलुबुखाराच्या झाडाला हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी लागते. सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खालच्या तापमानात ठरावीक तास गेल्यावाचून त्याच्या कळ्यांची झोप मोडत नाही. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंच आहे, पण एवढी थंडी तेथे पडत नाही. उदकमंडल २,२०० मीटरांहून उंच असल्याने तेथील डोंगरउतारांवर हे झाड फळते. हिमाचल प्रदेश व काश्मीर हे त्याचे आपल्या देशातील मोठे प्रदेश. हिमाचलात फार लावली जाणारी ‘सांता रोझा’ ही जात अमेरिकेतील वनस्पतिसंवर्धक ल्यूथर बरबँक यांनी जपानी आलुबुखारांपासून विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केली.

या फळाच्या वजनात शंभरातील सुमारे सत्त्याऐंशी भाग पाणी असते. उरलेल्या भागात साखर, मॅलिक आम्ल, तंतू आणि पेक्टिन नावाचे द्रव्य असते. सालीवर जी पांढुरकी भुकटी दिसते ती औषधाची फवारणी नसून फळाचे स्वतःचे मेण होय. ते फळातील पाणी लवकर उडून जाऊ देत नाही. म्हणून फळे आणल्याबरोबर धुऊन ठेवू नयेत, वापरण्यापूर्वीच धुवावीत.

आपल्याकडे आंब्याची अढी घालतात. आलुबुखाराच्या बहुतेक जातींनाही अशीच अढी मानवते. कारण पिकणाऱ्या फळातून एथिलीन नावाचा वायू सुटतो व तो शेजारच्या फळालाही पिकवू लागतो. पिकताना फळ मऊ का पडते? पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा लेप पेक्टिनाचा असतो. कच्च्या फळात तो पाण्यात न विरघळणारा असतो. फळ पिकते तसा तो विरघळू लागतो, आणि फळ अतिपक्व झाले की त्याचे तुकडे होऊन त्याची घट्ट होण्याची शक्ती नाहीशी होते. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. चुऱ्यासाठी सगळीच फळे अगदी मऊ घेऊ नयेत. निम्मी जरा टणक असावीत. मऊ फळे रस देतात, टणक फळे त्या रसाला दाटपणा देतात.

फळ दबले तरी चालते, बुरशी आलेले मात्र चालत नाही. मऊ फळात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोलवर पसरलेले असतात आणि काही बुरशी विषारी द्रव्ये निर्माण करतात. असे फळ कापून ‘चांगला भाग’ घेण्याचा मोह टाळून पूर्णपणे फेकावे. तसेच आठळी फोडून आतील बी खाऊ नये. तिच्यात अमिग्डॅलिन हे द्रव्य असते. बी चावली वा कुटली असता त्यापासून सायनाइड हे विष सुटते.

मोहनाचे रहस्य

आता वरच्या थराकडे वळू. गव्हाच्या पिठात ग्लायडिन व ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी मिळाले की ती एकत्र येऊन ग्लुटेन नावाचे चिवट जाळे बनते. पोळीची कणीक आपण पाणी घालून मळतो व तिंबतो ती याच जाळ्यासाठी. चुऱ्याला नेमके उलटे हवे असते. तेथे जाळे बनू द्यावयाचे नाही.

याचा उपाय मराठी गृहिणीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. करंजी, शंकरपाळे यांच्या पिठात ती मोहन घालते. मोहन पुरेसे झाले की नाही हे पाहण्यासाठी पीठ मुठीत दाबते, आणि मुटका वळला की समाधान पावते. मोहनाच्या योगाने पिठाच्या कणांवर स्निग्ध पदार्थाचा पातळ थर बसतो. त्या थरातून पाणी आत शिरू शकत नाही, प्रथिनांचे जाळे विणले जात नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. क्रंबलमध्ये हेच तत्त्व शेवटपर्यंत नेलेले आहे. पिठाच्या निम्मे लोणी घ्यावयाचे आणि पाण्याचा थेंबही घालावयाचा नाही.

लोणी थंड असावे आणि ते पिठात बोटांच्या अग्रांनी चोळावे. लोणी सुमारे ३२ ते ३५ अंशांना वितळते. तळहाताची ऊब त्याला पुरते, बोटांची टोके त्यामानाने थंड असतात. वितळलेले लोणी पिठात मुरून लगदा होतो, थंड लोण्याचे मात्र लहान लहान कण राहतात व त्यांमुळेच थर रवाळ भाजला जातो. म्हैसूरच्या उन्हाळी दुपारी हे काम करावयाचे असेल तर पिठाचे भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवावे.

भट्टीत काय घडते

सुमारे ७०० ग्रॅम फळांच्या आठळ्या काढून फोडी कराव्यात व त्यांत ६० ग्रॅम साखर मिसळावी. १५० ग्रॅम मैद्यात ७५ ग्रॅम लोणी चोळून मग ७५ ग्रॅम साखर घालावी. उथळ भांड्यात फोडी पसरून त्यांवर चुरा हलक्या हाताने भुरभुरावा. तो दाबू नये. भांडे काचेचे, चिनी मातीचे वा स्टेनलेस पोलादाचे असावे. बिनकल्हईच्या पितळेवर फळातील आम्लाची क्रिया होते. १८० अंशांच्या भट्टीत ३५ ते ४५ मिनिटे पुरतात. भट्टी नसेल तेथे जुन्या पद्धतीने, नानकटाई भाजतात त्याप्रमाणे, वाळूच्या पातेल्यात भांडे ठेवून झाकणावर निखारे घालता येतील.

भट्टीचे तापमान १८० अंश असले तरी फळाचे तापमान तेवढे कधीच चढत नाही. पाणी उकळू लागले की मिळणारी सारी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. म्हैसूरच्या उंचीवर पाणी ९७ ते ९८ अंशांच्या दरम्यान उकळते. रसात साखर असल्याने त्याचा उत्कलनबिंदू किंचित वाढतो, इतकेच. या उष्णतेने पेशींची आवरणे फुटतात, सालीतील अँथोसायनिन हे रंजकद्रव्य रसात उतरते आणि पिवळसर फोडी माणकासारख्या लाल दिसू लागतात.

वरच्या थरात पाणी जवळजवळ नसतेच, म्हणून तो शंभर अंशांच्या पुढे तापतो. सुमारे १४० अंशांच्या पलीकडे साखर व प्रथिने यांच्यात ती प्रक्रिया वेगाने सुरू होते जिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये केले. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या कॉफीचा सुगंध आणि चुऱ्याचा सोनेरी रंग ही सारी तिचीच रूपे.

चुरा दाबू नये असे सांगितले ते याचसाठी. फळातून उठणारी वाफ कणांमधील फटींतून निघून गेली पाहिजे. वाट बंद झाली तर ती पिठातच थिजते आणि थर गिच्च होतो. भट्टीतून काढल्यावर पंधरा मिनिटे थांबावे. रस निवताना पेक्टिनामुळे व खाली उतरलेल्या पिठातील स्टार्चमुळे दाट होत जातो.

टंचाईतून आलेले शहाणपण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे पक्वान्न इंग्लंडात घरोघरी पोहोचले असे मानतात. तेथे ८ जानेवारी १९४० रोजी लोणी व साखर यांचे रेशनिंग सुरू झाले आणि अन्नाचे रेशनिंग पूर्णपणे उठावयास ४ जुलै १९५४ उजाडावा लागला. लाटलेल्या आवरणाला लागणारे पीठ व लोणी पुरेसे मिळेना, तेव्हा थोड्या चुऱ्याने काम भागविले गेले आणि परसातील फळे वाया गेली नाहीत.

हाच विचार आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर करण्यासाठी २१ ऑक्टोबर १९५० रोजी म्हैसूरच्या चेलुवांबा प्रासादात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक. फळे टिकविणे, त्यांचे रस व मुरंबे करणे, पीठ दळणे व भाजणे यांचा अभ्यास तेथे होत आला आहे. राजवाड्यासारख्या या वास्तूत विचारला जाणारा प्रश्न बाजारातील टोपलीने विचारलेलाच आहे : फळातील पाण्याला आवर कसा घालावा?

करून पाहण्यासारखे दोन प्रयोग

पहिला : आलुबुखाराच्या सालीचा रस दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. पहिला रस लाल राहील, दुसरा निळसर-हिरवट होईल. या फळाच्या पक्वान्नात सोडा का घालू नये, ते यावरून कळेल.

दुसरा : कणकेचा एक गोळा पाण्याने मळा. दुसऱ्या गोळ्यासाठी पिठाला आधी भरपूर तूप चोळा व मग पाणी घाला. दोन्ही गोळे पाण्याखाली हळूहळू धुवा. पहिल्यातून रबरासारखे ग्लुटेन हाती राहील, दुसरा बहुतेक विस्कटून जाईल.

आंबा, पेरू, अंजीर यांचीही टोपली तळाशी अशीच दबत असते. त्या त्या फळात पाणी किती, आम्ल किती, पेक्टिन किती, हे ज्याला समजले त्याला आलुबुखाराची ही कृती आपल्या गावच्या फळासाठी बदलून घेता येईल आणि फेकले जाणारे पुष्कळसे फळ ताटात येईल.