सांधेदुखीची उकल (५) : गाऊटचा ठणका कोण उठवतं?

रक्तातलं युरिक ॲसिड डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पुरतं विरघळून राहत नाही, हे मागच्या भागात आलं. पायाच्या अंगठ्यासारख्या गार सांध्यात मग सोडियम युरेटचे टोकदार स्फटिक धरतात. पण अनेकांच्या सांध्यात हे स्फटिक मुकाट पडून असतात. मग एखाद्या रात्री असं काय बिनसतं, की पहाटे अंगठ्यावर चादर टेकलेलीही सोसवत नाही?

१९६२ साली फेअर्स आणि मॅकार्टी या अमेरिकी डॉक्टरांनी प्रयोगशाळेत बनवलेले युरेटचे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यात टोचून घेतले. गुडघे सुजले, असह्य कळा आल्या. स्फटिकांवरचा आरोप सिद्ध झाला. मला मात्र त्यापुढचा, १९६६चा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. फेल्प्स आणि मॅकार्टी यांनी कुत्र्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी औषधाने घटवल्या आणि मग सांध्यात स्फटिक सोडले. दाह जेमतेमच झाला. म्हणजे स्फटिक हे निमित्त. आग लावतात त्या आपल्याच पेशी.

सुरुवात सांध्यातच मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज पेशींपासून होते. त्या स्फटिक गिळतात, पण तो पचत नाही. पेशीच्या आत 'एनएलआरपी३ इन्फ्लमासोम' नावाची प्रथिनांची जुळणी जागी होते आणि 'इंटरल्युकिन-१ बीटा' हा संदेश बाहेर पडतो. स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या चमूने २००६मध्ये हा दुवा दाखवला.

आता जवळची बारीक रक्तवाहिनी पाहा. एरवी तिचं अस्तर गुळगुळीत असतं, पांढऱ्या पेशी त्यावरून वाहून जातात. इंटरल्युकिनचा संदेश पोचला की काही तासांत अस्तरावर 'सिलेक्टिन' नावाचे रेणू उगवतात. गवतातून जाताना कपड्यांना कुसळं लागावीत, तशा न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना अडकतात. पण ही पकड सैल असते. पेशी सुटते, पुन्हा अडकते, भिंतीवरून गडगडत राहते. तेवढ्यात अस्तरावरचे दुसरे रासायनिक संदेश तिला गाठतात आणि तिच्या अंगावरचे 'इंटेग्रिन' रेणू ताठ होतात. ते भिंतीवरच्या 'आयकॅम-१'ला घट्ट धरतात. पेशी थांबते, चपटी होते आणि अस्तराच्या दोन पेशींमधल्या फटीतून सांध्याकडे निसटते. तिथे तीही स्फटिक गिळते, विकरं सांडते, आणखी पेशींना बोलावते. लाली, सूज, ठणका, सगळं इथून येतं.

कोकणात पावसाळ्यात फुलणारी कळलावी विषारी खरी, पण तिच्यात कोल्चिसिन असतं, आणि तेच गाऊटवरचं जुनं औषध. थोड्या मात्रेत ते अस्तरावरच्या सिलेक्टिनची मांडणी विस्कटतं आणि इन्फ्लमासोमलाही आवर घालतं. (कळलावीचा कंद घरी उगाळून घेणं मात्र जिवावर बेतू शकतं.)

उपचार न करताही हा झटका आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो, त्यामागेही न्यूट्रोफिलच आहेत. खूप गर्दी झाली की मरता मरता त्या आपल्या डीएनएची जाळी बाहेर टाकतात. त्या जाळ्यांच्या गुठळ्यांत दाहाचे संदेश अडकून तुटतात. स्फटिक मात्र सांध्यातच राहतात. ते विरघळवायचे तर युरिक ॲसिड ६च्या खाली आणून तिथेच टिकवावं लागतं. त्यासाठीची ॲलोप्युरिनॉलची गोळी सुरू करताच काहींना नवा झटका का येतो, ते पुढच्या आठवड्यात.