साखरेचा सोस आणि न्याहारीचे ताट

महाराष्ट्राचे साखरेशी असलेले नाते केवळ जिभेचे नाही. विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी कारखान्याचे धुराडे पेटले आणि पुढे या राज्याचे राजकारण, पाटबंधारे, शिक्षणसंस्था, एवढेच काय पण निवडणुकांचे हंगामही उसाच्या हंगामाभोवती फिरू लागले. भाषा तर त्याआधीच साखरेच्या अधीन झालेली होती. लग्न ठरले की साखरपुडा, शुभवार्ता आणणाऱ्याच्या तोंडात साखर, आणि परीक्षेच्या निकालापासून बदलीच्या हुकमापर्यंत कशाच्याही निमित्ताने ‘तोंड गोड’ करणे हा शिष्टाचार. अशा प्रदेशात साखर कमी खावी असे म्हणणाऱ्याकडे अरसिक म्हणून पाहिले जाते. तथापि हा प्रश्न आता रसिकतेच्या प्रांतात राहिलेला नाही.

एक काळ असा होता की साखरेच्या बाबतीत संयम पाळण्याचा उपदेश कोणी करण्याची गरज नव्हती. बाजारच तो पाळायला लावी. शिधापत्रिकेवर माणशी मिळणारी साखर ग्रॅमांत मोजली जाई, आणि दिवाळीला जादा साखर मिळणार की नाही ही वर्तमानपत्रातील ठळक बातमी असे. जनता राजवटीत १९७८ साली साखर पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाली व पुढच्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा बांधली गेली, हे ज्यांना आठवते त्यांना त्या काळातील गृहिणीचे साखरेचे हिशेबही आठवत असतील. लेव्हीची उरलीसुरली पद्धत २०१३ साली संपली. टंचाई गेली हे चांगलेच झाले. तिच्या आठवणीने गहिवरण्याचे कारण नाही. परंतु टंचाईबरोबर तिने लावलेली शिस्तही गेली, आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही शिस्त आलेली नाही.

आज भारत हा जगातील सर्वांत मोठा साखर खाणारा देश आहे. वर्षाला सुमारे दोनशे ऐंशी लाख टन साखर आपण खपवतो. माणशी वीस किलोच्या आसपास, म्हणजे दिवसाला पन्नास-पंचावन्न ग्रॅम हा हिशेब झाला. यात तान्ही मुले आली, आणि महिन्याकाठी जेमतेम किलोभर साखर घरात येणारी आदिवासी पाड्यांवरील कुटुंबेही आली. तेव्हा शहरातील सुस्थित माणसाचा वाटा याहून बराच मोठा असणार, हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ नको. शिवाय यातील निम्म्याहून अधिक साखर घरातल्या डब्यातून येतच नाही. ती शीतपेये, बिस्किटे, मिठाई, बेकरीचे जिन्नस यांतून येते. गृहिणीने डब्याला कुलूप लावले तरी ती दुसऱ्या दाराने घरात शिरतेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा अशी की, वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर उत्तम. मध, गूळ आणि फळांचे रसही याच हिशेबात धरायचे. सामान्य प्रौढाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम, चहाचे पाच-सहा चमचे. आता आपल्याकडील कचेरीतल्या कारकुनाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. सकाळी घरी एक कप, कचेरीत दोन, परतल्यावर एक. प्रत्येकी दोन चमचे धरले तर चहातूनच पस्तीस-चाळीस ग्रॅम झाले. त्याने मिठाईच्या दुकानाची पायरीही चढलेली नाही, आणि ‘मला गोडाची मुळीच आवड नाही’ असे तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो. उन्हाळ्यात एखादी तीनशे मिलिलिटरची शीतपेयाची बाटली रिचवली की आणखी तीस ग्रॅमची भर.

हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक महाग पडते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. तिथली नवजात बालके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील ३.५ किलोची. परंतु वजनात एवढी कमी असलेल्या आपल्या बालकांच्या अंगी स्नायू कमी आणि चरबी मात्र तुलनेने टिकून, असे त्यांना आढळले. दिसायला कृश, पण आतून स्थूल अशी ही शरीरयष्टी आहे. सडपातळ माणसाला मधुमेह होत नाही हा आपला जुना भ्रम त्यामुळे पुरता निराधार ठरतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले आणखी तेरा कोटींवर आहेत. मधुमेह केवळ साखर खाल्ल्यानेच होतो असे नव्हे. पण साखरेने वाढणारे वजन आणि आहारात तिने बळकावलेली जागा यांचा त्यात मोठा हात असतो.

मग करावे काय? सर्वसाधारण उत्तर असते ते निग्रहाचे. एक जानेवारीला किंवा गुढीपाडव्याला साखर सोडल्याचे जाहीर होते, आणि महिना उलटण्याच्या आत ती दुप्पट वेगाने परतते. याचा दोष मनाच्या दुबळेपणाला देण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक, गोडाची ही ओढ पुष्कळदा मनाची नसून पोटाची असते. सकाळी चहा आणि चार बिस्किटे एवढ्यावर घर सोडणाऱ्या माणसाच्या रक्तात साखर झपाट्याने चढते, ती उतरवण्यासाठी शरीर इन्सुलिन सोडते, आणि दोन-अडीच तासांत पुन्हा भूक उभी राहते. ही भूक भाकरी मागत नाही. तिला तत्काळ मिळेल असे काही हवे असते. रात्रीची झोप अपुरी झाली असेल तर भूक चाळवणारी संप्रेरके आणखी जोर करतात. चार वाजता कॅन्टीनमध्ये क्रीमच्या बिस्किटांकडे वळणारा हात हा सकाळी आठ वाजता झालेल्या चुकीचा परिणाम असतो.

यात सर्वांत अधिक हाल होतात ते घरातील स्त्रीचे. सर्वांचे डबे भरून झाल्यावर तिच्या वाट्याला येतो तो उरलेला चहा आणि रात्रीची पोळी. आठवड्यातून एक-दोन उपास असतातच, आणि उपासाला साबुदाणा, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दाण्याचे कूट त्यात पडते तेवढाच काय तो आधार. मग दुपारी तीनच्या सुमारास हातपाय गळून जातात आणि ती चमचाभर साखर जास्त घालून चहा करते. तिला ‘गोडखाऊ’ म्हणून हसणाऱ्यांनी तिच्या ताटात सकाळपासून डाळ, उसळ, दही यांपैकी काय पडले होते ते एकदा विचारून पाहावे.

म्हणून उपाय साखरेच्या डब्यापाशी नव्हे, न्याहारीच्या ताटापाशी सुरू करावयास हवा. आणि त्यासाठी परदेशी धान्यांच्या महागड्या पुड्या आणण्याचे काहीच कारण नाही. भाजणीचे थालीपीठ आणि दही, मुगाचे धिरडे, मोड आलेल्या मटकीची उसळ, अंडे खाणाऱ्यांसाठी अंडे, हे सारे आपल्याच स्वयंपाकघरातले आहे. पोहे करावयाचे तर त्यात मूठभर दाणे व मटार पडावेत आणि सोबत ताक असावे. नुसत्या पोह्यांची बशी दोन तासांपलीकडे टिकत नाही. डब्यात फुटाणे किंवा दाणे असले तर चारच्या चहाबरोबर बिस्किटाची आठवण निम्म्याने कमी होते. जेवणात आधी कोशिंबीर व उसळ आणि मग भात-पोळी असा क्रम ठेवला तर रक्तातील साखर कमी उसळते, असेही प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या ताटात कोशिंबीर डावीकडे चमचाभर वाढतात, शोभेपुरती. ती वाटीभर वाढली पाहिजे.

गोडाला सर्वस्वी बंदी घालावी असे मात्र मला वाटत नाही. पुरणपोळी ही सणाची आहे. ती डाळीची आहे, तुपाबरोबर आणि कटाच्या आमटीबरोबर, भरल्या ताटात खाल्ली जाते आणि वर्षातून मोजक्या वेळा होते. आपल्या पूर्वजांनी गोडाला जेवणात आणि तिथीला बांधून टाकले होते. तिथी सुटली आणि रोजच मधल्या वेळचे खाणे गोड झाले, घोटाळा तिथे आहे. होळीच्या दिवशी पोळी नाकारून रोज सहा चमचे चहात घालणाऱ्याने काय साधले?

जिभेचीही सवय बदलते, पण हळूहळू. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना तीन महिने कमी साखरेच्या आहारावर ठेवले. अखेरीस तोच पदार्थ त्यांना पूर्वीपेक्षा अधिक गोड लागू लागला. गोडाची आवड मात्र कमी झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे आवड राहते, पण ती भागवायला साखर थोडी पुरते. चहातील दोन चमच्यांचे पावणेदोन, मग दीड, असे पंधरवड्याला पाव चमचा उतरत गेले तर घरातल्या कोणाच्या लक्षातही येत नाही. जे इन्सुलिन वा मधुमेहाची औषधे घेत आहेत त्यांनी आहारात मोठा फरक करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि साखर एकाएकी उतरली तर ती घेण्यात कमीपणा मानू नये.

पळवाटा दोन आहेत आणि दोन्ही लोकप्रिय. रस्तोरस्ती ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या लागल्या आहेत. गुळात थोडे लोह असते हे खरे, पण त्याचा मोठा भाग साखरच आहे, आणि पौष्टिक म्हणून तो दुप्पट घातला जातो. दुसरी पळवाट कृत्रिम गोडीची. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी तिचा अवलंब करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचवले आहे.

खरा मुद्दा मुलांचा आहे. ब्रिटनमध्ये युद्धकाळात बांधलेली साखर सप्टेंबर १९५३ मध्ये खुली झाली आणि तिचा खप जवळजवळ दुप्पट झाला. त्या तारखेच्या अलीकडे व पलीकडे जन्मलेल्यांची तुलना २०२४ साली प्रसिद्ध झाली. ज्यांचा गर्भवास आणि पहिली दोन वर्षे तुटपुंज्या साखरेत गेली, त्यांना उतारवयात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळले. आपल्याकडे मात्र दात येण्यापूर्वीच बाळाला चहात बुडवलेले बिस्किट चारले जाते, आणि रडणाऱ्या मुलाला गप्प करण्याचे साधन म्हणजे गोळी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु फलकाखालीच वाढदिवसाची चॉकलेटे वाटली जात असतील तर मुले काय शिकायचे ते शिकतीलच.

आणि शेवटी आतिथ्य. पाहुण्याने नको म्हटल्यावरही ‘एवढासा तरी घ्या’ म्हणत वाढणे हे आपण प्रेमाचे लक्षण मानतो. कचेऱ्या, सभागृहे आणि लग्नघरे येथे चहा साखरेवाचून करून साखर वेगळी ठेवली, तर कोणाचाच अपमान होणार नाही आणि खर्चही वाढणार नाही. आज मात्र बिनसाखरेचा चहा मागणाऱ्याला तो खालच्या आवाजात मागावा लागतो, आणि यजमान सहानुभूतीने विचारतात, ‘केव्हापासून निघाला तुम्हांला?’