आम्ल, अल्क आणि क्षार: पिंपरीपासून चाकणपर्यंत

मंडळी, लग्नघरात हळद लागते तेव्हा कुणाच्या ना कुणाच्या धोतरावर, लुगड्यावर पिवळा डाग पडतोच. दुसऱ्या दिवशी साबण लावून धुवायला घ्यावे, तर डाग जाण्याऐवजी चांगला तांबडा होतो. नवख्या माणसाला वाटते, कापड वाया गेले. पण भरपूर पाण्यात खळबळून काढले की तो पुन्हा पिवळा दिसतो. हळदीने इथे आपल्याला एक बातमी दिलेली असते. साबणाचे पाणी अल्कधर्मी असते, आणि अल्क भेटला की हळद तांबडी होते.

अल्काच्या उलट स्वभावाचे ते आम्ल. लिंबू, चिंच, आंबट ताक यांचा आंबटपणा आम्लाचा. अल्काची खूण म्हणजे बुळबुळीतपणा. साबणाचे पाणी, चुन्याची निवळी बोटांना तशीच लागते. (ही ओळख स्वयंपाकघरापुरती बरं का! कारखान्यातले आम्ल जिभेला तर नाहीच, बोटालाही लावायचे नाही.) आम्ल आणि अल्क योग्य मापात एकत्र आले की दोघांचेही स्वभाव मावळतात, आणि तिसराच पदार्थ तयार होतो. त्याला क्षार म्हणायचे. हायड्रोक्लोरिक आम्ल कातडी भाजते, कॉस्टिक सोडाही भाजतो. पण दोघांची बरोबर गाठ पडली तर उरते काय? आपले जेवणातले मीठ, आणि पाणी.

गुरुजींनी इथे एका शब्दाला जपावे. जुन्या वैद्यकात क्षार म्हणजे अल्क. घरातला पापडखार त्याच घराण्यातला. शाळेच्या पुस्तकात मात्र आम्ल आणि अल्क यांच्या मिलनातून होतो तो क्षार. मुलांचा घोटाळा होतो तो इथेच, आणि त्यात मुलांचा काही दोष नाही. या लेखात क्षार शब्द पुस्तकातल्या अर्थानेच घेतला आहे.

वर्गात दाखवायचे असेल तर खर्च काही नाही. टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवाव्यात. एक पट्टी चुन्याच्या निवळीत बुडवली की तांबडी होईल. आता त्या निवळीत लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडावा, दर वेळी ढवळावे आणि नवी पट्टी बुडवून पाहावी. एक थेंब असा येतो की पट्टी पिवळीच राहते. तिथे अल्क संपला. हळदीचा एक उणेपणा सांगून टाकावा: आम्लात ती पिवळी आणि साध्या पाण्यातही पिवळीच. आम्ल ओळखायला तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्यांचे पाणी घ्यावे; ते आम्लात गडद गुलाबी आणि अल्कात हिरवट होते. शास्त्रज्ञ हेच आकड्यात सांगतात, त्या आकड्याला सामू म्हणतात. सात म्हणजे मधला, सातच्या खाली आम्ल, वर अल्क. एक आकडा उतरला की आम्लपणा दसपट वाढतो.

आता पिंपरीला येऊ. इथे १९५४ साली भारत सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा केला. सरकारी क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना. त्याला युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे साह्य होते. १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन ही एका बुरशीची देणगी, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण पेनिसिलिन हे स्वतः एक आम्ल आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. सगळी गंमत आहे ती त्यातच.

बुरशी मोठमोठ्या टाक्यांत वाढवतात. तिने सोडलेले पेनिसिलिन टाकीतल्या पाण्यात अगदी थोडे, आणि शेकडो नको त्या गोष्टींत मिसळलेले. ते निवडून कसे काढायचे? पाण्यात आम्ल घालून सामू दोन-अडीचपर्यंत खाली आणला, की पेनिसिलिन आपल्या आम्लरूपात येते. या रूपात त्याला पाणी आवडत नाही. ब्यूटिल ॲसिटेटसारखा द्रव शेजारी मिळाला की ते पाणी सोडून त्यात उतरते. पण आम्लात ते झपाट्याने नासतेही. म्हणून हे काम थंड ठेवून, घाईने उरकावे लागते. मग त्या द्रवात किंचित अल्कधर्मी पाणी घुसळायचे. पेनिसिलिनचा क्षार बनतो. क्षाराला पाणी प्रिय, तो पुन्हा पाण्यात येतो, आणि नको असलेला पुष्कळसा माल मागे राहतो. आम्लाने पलीकडे न्यायचे, अल्काने अलीकडे आणायचे! ही परतीची वाट १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली यांनी सुचवली, आणि पेनिसिलिनचे कारखाने याच वाटेने चालले. फ्लेमिंगचे नाव सर्वांच्या तोंडी असते. माझ्या मते हीटलीचेही असायला हवे.

इंजेक्शनच्या बाटलीत जी पांढरी भुकटी दिसते ती म्हणजे हा क्षार. सोडियमचा किंवा पोटॅशियमचा क्षार पाण्यात चटकन विरघळतो, रक्तात लगेच पोचतो, आणि काही तासांत लघवीवाटे निघूनही जातो. मग तासातासांनी सुया टोचायच्या का? रसायनशास्त्रज्ञांनी पेनिसिलिनला दुसरा जोडीदार दिला. हिरडी बधिर करायला दंतवैद्य पूर्वी प्रोकेन वापरत, ते प्रोकेन स्वभावाने अल्क. त्याच्याशी पेनिसिलिनचा जो क्षार होतो तो पाण्यात कमी विरघळतो. स्नायूत टोचला की तिथेच साठून राहतो, हळूहळू झिरपतो आणि दिवसभर पुरतो. बेंझाथिन नावाच्या अल्काशी झालेला क्षार त्याहूनही चिवट. तो तीन ते चार आठवडे थोडा थोडा सुटत राहतो. औषध एकच, जोडीदार बदलला की मुदत बदलते.

हे नुसते पुस्तकी ज्ञान नव्हे. लहान मुलाचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो, पुढे सांधे दुखतात, ताप येतो, आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. हा ऱ्हुमॅटिक ताप. तो उलटू नये म्हणून अशा मुलाला दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे, देतात. मूल हसते-खेळते असते, सुई जाड असते, पेरणीचे दिवस असतात, आणि घरचे म्हणतात, या खेपेला राहू दे. आता तुम्हीच हिशेब करा. स्नायूत साठवलेला क्षार तेवढ्या दिवसांत विरघळून संपत आलेला असतो. तारीख चुकली की पुढच्या घसादुखीला मूल उघडे सापडते. शिक्षकांच्या वर्गात असे मूल असेल तर त्याच्या तारखेची नोंद हजेरीपटाशेजारी ठेवायला हरकत नाही. इंजेक्शन मात्र दवाखान्यातच घ्यावे. पेनिसिलिन काही थोड्या लोकांना सोसत नाही, आणि तो त्रास जिवावरचा असू शकतो.

पेनिसिलिनच्या कारखान्यात क्षार हा माल. भोसरीवरून नाशिकच्या रस्त्याने मोशी ओलांडून चाकणला जा. इथे मोटारींचे भाग तयार होतात, आणि इथे हाच क्षार मागे उरणारी अडचण होऊन बसतो. एका बोल्टचेच पाहा. तो यंत्रातून निघतो तेव्हा तेलकट असतो, अंगावर थोडा गंज असतो. त्यावर जस्ताचा मुलामा चढवायचा तर आधी आंघोळ हवी. पहिली आंघोळ गरम अल्कात, तेलासाठी. दुसरी हायड्रोक्लोरिक आम्लात; कामगार तिला पिकलिंग म्हणतात. गंज म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचा संयोग, आणि तो आम्लासमोर अल्काच्याच जातीने वागतो: आम्लाशी मिळून लोखंडाचा क्षार होतो आणि पाण्यात उतरतो. घरी काळवंडलेला तांब्या चिंचेने घासता तेव्हा हेच घडते. फरक एवढाच, की चिंचेचे आम्ल काळा थर खाते, खालचे तांबे सहजी खात नाही. लोखंड तितके सोशिक नाही. गंज संपला तरी आम्ल थांबत नाही, खुद्द लोखंडाला लागते आणि हायड्रोजन वायूचे बुडबुडे सुटू लागतात. म्हणून बोल्ट वेळेवर उचलावा लागतो, आणि म्हणूनच त्या हौदापाशी विडी पेटवायची नाही. हायड्रोजन भडकणारा वायू आहे. ज्यांची मुले अशा कामावर जातात त्यांनी आणखी एक नियम त्यांच्याकडून पाठ म्हणून घ्यावा: जहाल आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घालायचे, आम्लात पाणी कधी ओतायचे नाही. गंधकाच्या आम्लात पाणी पडले तर इतकी उष्णता होते की ते उसळून तोंडावर येते.

धुतलेला बोल्ट मग जस्ताच्या क्षाराच्या पाण्यात सोडतात, वीज खेळवतात, आणि त्यावर जस्ताचा पातळ थर बसतो. हा थर ओरखडला तरी पुष्कळ दिवस गंज चढत नाही. जस्त हा लोखंडाहून उतावळा धातू आहे. झीज सोसायची वेळ आली की आधी तो झिजतो. पत्र्याच्या बादलीचे आयुष्य त्याच्याच जिवावर असते.

बोल्ट चकाकला, डब्यात गेला. मागच्या पाण्याचे काय? त्यात उरलेले आम्ल आहे, लोखंडाचे आणि जस्ताचे क्षार आहेत. हे पाणी तसेच पवनेत किंवा इंद्रायणीत सोडता येत नाही. नदीत सोडायच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ यांच्या दरम्यान असावा असा सरकारी नियम आहे, आणि धातूंच्या मर्यादा वेगळ्या. उपाय जुनाच, चुना. चुना आम्लाला मारतो, आणि लोखंड-जस्ताचा चिखलासारखा गाळ करून खाली बसवतो. यालाही माप लागते. चुना फार कमी पडला तर जस्त खाली बसत नाही. फार जास्त झाला तर बसलेले जस्त पुन्हा विरघळू लागते. गाळही गावाबाहेरच्या ओढ्यात टाकायचा नसतो, त्यात धातू तसेच असतात. तो घातक कचऱ्याच्या अधिकृत जागीच गेला पाहिजे.

वर राहिलेले पाणी काचेसारखे निवळ दिसते. सामू सातच्या आसपास. दाखवणारा सांगतो, पाणी शुद्ध झाले. इथे तुम्ही लग्नघरातल्या हळदीपासून शिकलेला धडा लावा: आम्ल आणि चुना मिळाले म्हणजे क्षार झालाच. तो कॅल्शियम क्लोराइड, पाण्यात पूर्ण विरघळलेला, डोळ्याला न दिसणारा. सामू त्याच्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. असे पाणी वर्षानुवर्षे ओढ्यातून विहिरीत झिरपले तर जमीन आणि पीक दोन्ही तक्रार करतात.

पाहायचे असेल तर दोन सारख्या स्टीलच्या ताटल्या घ्या. एकीत पावसाचे स्वच्छ धरलेले पाणी, दुसरीत विहिरीचे, मापाने सारखेच. उन्हात आटू द्या. विहिरीच्या ताटलीत पांढरा थर राहीलच, कारण थोडे क्षार सगळ्याच जमिनीच्या पाण्यात असतात. थर किती जाड ते दर उन्हाळ्यात ताडून पाहा. वाढत असेल तर बाटलीभर पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. येणाऱ्या कागदावर सामूच्या शेजारी विद्युतवाहकता असा रकाना असतो. विरघळलेले क्षार किती, ते त्या रकान्यात कळते. जस्त, क्रोमियम असे धातू या दोन्ही रकान्यांत दिसत नाहीत. कारखाना जवळ असेल तर त्यांची तपासणी अर्जात वेगळी मागावी लागते.