मिस्ड कॉल आला की समजायचं, पाचही आत!

वीकएण्डला बाहेर जायचं ठरलं की माझी मित्रमंडळी आधी हॉटेल बघतात. मी आधी शेजारच्या आक्का घरी आहेत का ते बघते. कारण माझ्या परसात पाच जणी राहतात. एकेकीचं वजन जेमतेम पाऊण किलो, आणि दिवेलागणीला त्यांच्या खोलीचं दार लावायला कुणीतरी लागतंच.

कोंबड्या हो! पाळलेल्या. कोल्हापुरात हे दोनदा सांगावं लागतं, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग रस्सा कधी?’

माझ्या आहेत बॅन्टम, म्हणजे बुटक्या. जावा बेटावरच्या बान्तेन बंदरावरून हे नाव पडलं. पुढे बॉक्सिंग आणि कुस्तीतल्या हलक्या वजनगटालाही तेच नाव मिळालं. हेलसिंकीत १९५२ साली खाशाबा जाधवांनी ब्राँझ जिंकलं ते याच बॅन्टमवेट गटात! खाशाबा आपल्या राजाराम कॉलेजचे. तेव्हा या शब्दाशी कोल्हापूरचं जुनं नातं आहे.

तर मुद्दा एका रात्रीचा. लोकांना वाटतं, प्रश्न खाण्यापिण्याचा असेल. अजिबात नाही. बॅन्टम दिवसाला मूठभर खाते. कणी, ज्वारी, खाद्य दुप्पट ठेवायचं, पाण्याची भांडी दोन ठेवायची (एक ती हमखास लवंडते), झालं. पावसाळ्यात तेवढं खाद्य छपराखाली टांगा. ओलं झालं की बुरशी येते आणि बुरशीचं खाद्य कोंबडीला बाधतं.

खरा प्रश्न दाराचा. उजेड कमी झाला की कोंबड्या आपापल्या खुराड्यात शिरतात, दांडीवर बसतात आणि अंधारात त्यांना जवळजवळ काही दिसत नाही. पळणं नाही, उडणं नाही. दार उघडं राहिलं तर कुत्रा, बोका, घूस, उदमांजर, जो येईल त्याची मेजवानी. मुंगूस मात्र दिवसाचा गडी, म्हणून सकाळी दार उघडल्यावरही लक्ष हवं. आणि हो, साधी कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. बारीक चौकटीची वेल्डमेश घ्या, कडी अशी लावा की नाकाने ढकलून उघडणार नाही.

हे ज्ञान फुकट नाही मिळालं. लॉकडाऊनमध्ये आणल्या तेव्हा त्या सहा होत्या. डिसेंबरात मैत्रिणीच्या लग्नाला रत्नागिरीला गेले, दार उघडं ठेवून. म्हटलं, स्वतः बाहेर येतात, स्वतः आत जातात, एका रात्रीने काय होतंय! दुसऱ्या दिवशी दुपारी आले तर धुण्याच्या दगडापाशी पिसं. ठमी गेली होती. उरलेल्या पाच दोन दिवस खुराड्यात जायला तयार नव्हत्या. आक्कांचा बोका त्या दुपारी भिंतीवर गाढ झोपला होता. या विषयावर आक्का आणि मी आजही बोलत नाही.

पण पुढच्या वेळी आक्का आपणहून आल्या. ‘तू जा बिनघोर. मी बघतो की!’ (आमच्याकडच्या बायका ‘बघतो’च म्हणतात.) मी घरात असतानाच दोन संध्याकाळी त्यांच्याकडून सगळं करून घेतलं. दार लावण्याआधी मोजायच्या, मग मला एक मिस्ड कॉल. तो आला की पाचही आत.

जुलै २०२१. गुरुवारी एका रात्रीसाठी पुण्याला गेले. शुक्रवारी निघणार होते, पण पाऊस बघून एक दिवस ढकललं आणि शिरोलीपाशी हायवेवर पाणी आलं. रस्ता बंद. एका रात्रीच्या पाच झाल्या! आमची पेठ उंचावर, तिथे पुराचं पाणी येत नाही. पण पंपिंग स्टेशनं पाण्यात गेल्याने नळ कोरडे, वीज येऊन-जाऊन. खुराड्यावर हौसेने लावलेला कॅमेरा पहिल्याच दिवशी आंधळा झाला.

शनिवारी सात वाजले, मिस्ड कॉल नाही. साडेसात, आठ. फोन लागेना. पुण्यात बसून मी काय करणार होते? पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती, लोक घरंदारं सोडून बाहेर पडत होते. अशा वेळी ‘माझी कोंबडी’ म्हणून कुणाला फोन करायचीही लाज वाटत होती.

सव्वानऊला फोन वाजला. मिस्ड नाही, पूर्ण. ‘चारच भरत होत्या गं. बॅटरी घेऊन फिरलो सगळीकडं. तुझी सुंदरी न्हाणीघरात, बंबाच्या मागं बसलीया!’ सत्तरीची बाई त्या पावसात दोन तास कोंबडी शोधत होती, आणि दिवसा स्वतःच्या घागरीतलं पाणी त्यांना देत होती.

हल्ली सेन्सरवाली दारं मिळतात, अंधार पडला की आपोआप बंद होणारी. मित्राने एक दाखवलंही. छान आहे. पण त्या दाराने त्या शनिवारी वेळेवर बंद होऊन सुंदरीला बाहेर ठेवलं असतं. त्याला मोजता येत नाही.

म्हणून सोय लागली नाही तर मी जातच नाही. एखादी खुडूक होऊन अंड्यावर बसली असेल किंवा आजारी असेल, तेव्हाही नाही. आक्कांची फी रात्रीला सहा अंडी. आकाराने लहान म्हणून त्या कुरकुरतात, पण घेतात.

येत्या शनिवारी आक्का लेकीकडे इचलकरंजीला मुक्कामी जाताहेत. काल संध्याकाळी दूध तापवायचं पातेलं माझ्या ओट्यावर ठेवून गेल्या. एक रात्र बोक्याला मी सांभाळायचंय.