शिवडी येथील पक्षिनिरीक्षण
शिवडी येथील पक्षिनिरीक्षण : मुंबईतील परळ–लालबाग या गिरणगावाच्या पूर्वेस, शिवडी किनाऱ्याच्या चिखलपट्टीवर मार्गदर्शकासमवेत केले जाणारे पाणपक्ष्यांचे निरीक्षण. येथील प्रमुख पक्षी रोहित (फ्लेमिंगो) हा होय. १९९० नंतरच्या दशकापासून त्यांचे मोठे थवे सामान्यतः नोव्हेंबर ते मे या काळात येथे आढळू लागले. त्यांत लहान रोहितांची संख्या अधिक असते. मोठा रोहित उंच व फिकट असून त्याची चोच गुलाबी व टोकाशी काळी असते. लहान रोहिताची चोच गडद तांबडी असते व तो ती उलटी धरून पाण्यातील सूक्ष्म शैवले गाळून खातो.

सहलीची वेळ भरती-ओहोटीवरून ठरवितात. पूर्ण ओहोटीत पक्षी किनाऱ्यापासून दूर पांगतात, तर पूर्ण भरतीत चिखलपट्टी बुडाल्याने ते अन्यत्र जातात. पाणी चढत वा उतरत असताना ते धक्क्याजवळून दुर्बिणीने नीट न्याहाळता येतात. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) येथे रोहित-दर्शनाचे कार्यक्रम योजून या परिसराकडे नागरिकांचे लक्ष वेधले.

ठाणे खाडीच्या उत्तर भागात २०१५ मध्ये रोहित अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. शिवडी मात्र अभयारण्याच्या सीमेबाहेर आहे. २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतू याच चिखलपट्टीवरून जातो. वरवर निरुपयोगी दिसणारा हा चिखल पक्ष्यांचे अन्नक्षेत्र असल्याने त्याचे रक्षण हाच येथील पक्षिनिरीक्षणाचा आधार आहे.